हाफकिन आणि बाटली क्रमांक ५३-एन

जालना जिल्ह्यातील घनसावंगी हा समर्थ रामदासांच्या जन्मगावाचा, म्हणजे जांब समर्थचा तालुका. या तालुक्यातील कोणत्याही गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. आरोग्यसेविका व्हॅक्सिन कॅरिअरमधून गोवर-रुबेलाची कुपी काढते, भुकटीत द्रावण मिसळते आणि लगेच कुपीवर वेळ लिहून ठेवते. तेव्हापासून चार तास उलटले, की कुपीत लस उरलेली असली तरी ती वापरायची नाही, असा नियम आहे. प्रत्येक बाळासाठी सुई नवी असते. कुपीचा बॅच क्रमांक नोंदला जातो. लस घेतल्यानंतर एखादे बाळ गंभीर आजारी पडले, तर ती कुपी कोठे तयार झाली, कोठून आली, कोणी उघडली आणि तिच्यातून आणखी कोणाला लस दिली, याचा माग काढता यावा, हा त्यामागील हेतू असतो.

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हे सोपस्कार नेहमीचेच वाटतात. परंतु कुपी उघडण्याचा क्षण इतका जपला जातो, यामागे जगभरातील अनेक दुर्घटनांचा अनुभव आहे. त्यांतील अगदी आरंभीची आणि सर्वांत गाजलेली दुर्घटना आपल्याच देशात, १९०२ साली पंजाबातील मलकोवाल या खेड्यात घडली. लसीची ती बाटली मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेतून गेली होती. त्या एका बाटलीने १९ माणसांचा प्राण घेतला आणि ज्याच्या लसीने लाखोंचे प्राण वाचले, त्या शास्त्रज्ञाला पुढची अनेक वर्षे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्या शास्त्रज्ञाचे नाव वाल्देमार हाफकिन. परळमधील हाफकिन संस्थेमुळे हे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे. त्या नावाच्या माणसाने काय सोसले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात, एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. आई लहानपणीच गेली. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क या बंदराच्या गावी झाले आणि १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातील पेशी रोगजंतूंना गिळंकृत करतात, हे दाखवून देणारे आणि त्यासाठी १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह.

झारच्या राजवटीत ज्यू असणे हा एक गुन्हाच होता आणि विद्यार्थी असणे हा दुसरा. तरुण हाफकिन क्रांतिकारकांच्या संपर्कात आले, पोलिसांच्या नजरेत भरले आणि त्यांना अटकही झाली. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांच्या दलात ते होते. त्या वेळी ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीमुळे ते सुटले. विद्यापीठात प्राध्यापक होण्याची त्यांची योग्यता वादातीत होती. पण त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे ही अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली आणि प्राणिशास्त्र संग्रहालयातील साध्या नोकरीवर समाधान मानले. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात काही काळ शिकवून ते १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकोव्ह आधीच तेथे गेले होते. संस्थेत जागा होती ती फक्त साहाय्यक ग्रंथपालाची. हाफकिन यांनी तीही आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके, उरलेल्या वेळात प्रयोग आणि फावल्या वेळी व्हायोलिन, असा त्यांचा दिनक्रम होता.

पटकीवर, म्हणजेच कॉलऱ्यावर लस शोधण्याचा ध्यास त्यांनी तेथेच घेतला. दीर्घ प्रयोगांनंतर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पटकीच्या जंतूंची लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, दुखले आणि काही दिवसांनी सारे शमले. ही लस माणसाला सुरक्षित आहे, एवढे त्यातून दिसले. ती साथीत उपयोगी पडते का, हे मात्र जेथे साथ आहे तेथेच कळणार होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या प्रोत्साहनाने हाफकिन यांची पावले हिंदुस्थानाकडे वळली.

कलकत्त्याची बस्ती

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर हिंदुस्थानापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत प्रवास करून ४२ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. लोक साशंक होते. परदेशी माणूस, अनोळखी औषध आणि सुई, हे तिन्ही एकत्र आले की भीती वाटणे स्वाभाविकच होते.

मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत दोन तळ्यांच्या काठी पटकी उद्भवली. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांनी हाफकिन यांना बोलावले. तेथे राहणाऱ्या सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे १० रुग्ण आढळले आणि त्यांतील सात दगावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. या कामात चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे भारतीय डॉक्टर हाफकिन यांच्यासोबत वस्तीत फिरत. त्यांच्यामुळे लोकांचा विश्वास वाढला. एकाच घरातील, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी कोणी लस घेतली आणि कोणी नाही, याची काटेकोर नोंद ठेवायची आणि मगच निष्कर्ष काढायचा, ही हाफकिन यांची पद्धत येथे घडली. पुढे आयुष्यभर त्यांनी ती सोडली नाही. अतिश्रम आणि मलेरिया यांमुळे प्रकृती ढासळल्याने १८९५ मध्ये ते युरोपला गेले. पण पुढच्याच वर्षी परतले.

मांडवीतील गाठी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही रुग्ण विलक्षण वाटले. अंगात तीव्र ताप, काखेत आणि जांघेत गाठी आणि काही दिवसांत मृत्यू. हा प्लेग आहे, असे त्यांनी निःशंकपणे जाहीर केले. आपल्याकडे ज्याला ग्रंथिक संनिपात म्हणत, तोच हा आजार. बंदर, धान्याची कोठारे आणि दाटीवाटीच्या चाळी असलेल्या मुंबईत साथ वणव्यासारखी पसरली. लोक शहर सोडून पळू लागले आणि आगगाडीबरोबर रोगही देशभर गेला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सरकारने घरोघर झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ असे उपाय योजले. त्यांतून उसळलेल्या संतापाचा परिणाम म्हणून जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. खेडोपाडी लोक गाव मोकळे करून शिवारात झोपड्या घालून राहू लागले. प्लेगच्या त्या आठवणी महाराष्ट्रातील अनेक घराण्यांत अजून सांगितल्या जातात.

सरकारच्या सूचनेवरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवायचे, तर त्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावे, म्हणजे जंतू त्यांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, अशी त्यांची युक्ती होती. लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन हा रस बकऱ्याच्या मांसापासून केला जाई. जंतूंची पुरेशी वाढ झाली, की उष्णता देऊन ते मारायचे आणि वर थोडे कार्बोलिक आम्ल घालून लस टिकवायची. हे कार्बोलिक आम्ल वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे सारा वाद त्याच्याभोवती फिरला.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच, तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक प्रमाणात टोचून घेतली. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपणहून पुढे आले, त्यांना लस देण्यात आली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. पुढच्या वर्षी बडोद्याजवळील उंधेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली. प्लेग शिरलेल्या घरांत लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तीन. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांतील हा फरक कोणालाही नाकारता येण्याजोगा नव्हता.

आगा खान यांनी हाफकिन यांना मुंबईतील आपल्या वास्तूत जागा दिली आणि स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली. त्यांच्या अनुयायांची भीती त्यामुळे मोडली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. याच वास्तूत १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने अंत झाला होता आणि पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान मलबार पॉइंटला हलले होते. साथीमुळे ओस पडलेला प्रासाद साथींशी लढण्याचे केंद्र बनला. वयाच्या चाळिशीच्या आतच हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते.

मलकोवाल

१९०२ मध्ये प्लेगने पंजाबात थैमान घातले. प्रांतिक सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम आखली आणि परळकडे लसीची प्रचंड मागणी आली. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत होणे अशक्य होते. हाफकिन यांनी मांसरसाऐवजी अगारवर जंतू वाढवण्याची जलद पद्धत स्वीकारली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही पद्धत आधीच निर्धोकपणे वापरली जात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवडाभराने काही जणांचे जबडे आवळले, पाठ धनुष्यासारखी वाकू लागली. तो धनुर्वात होता. एकूण १९ जणांना तो झाला आणि एकोणीसच्या एकोणीस मरण पावले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. मृत्यू पावलेले सर्व जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. तिचा क्रमांक होता ५३-एन.

इथपर्यंत तपास सरळ होता. कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, याची नोंद होती, म्हणून दोष बाटलीपर्यंत नेता आला. खरा प्रश्न त्यापुढचा होता. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले कोठे? परळला बाटली भरताना, की मलकोवालला ती उघडताना? धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. त्यांचे बीजाणू चिवट असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. शिरकाव परळला झाला असेल, तर दोष प्रयोगशाळेचा आणि तिच्या संचालकाचा. मलकोवालला झाला असेल, तर दोष त्या दिवशीच्या हाताळणीचा. एका प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाची अब्रू आणि लोकांचा लसीवरील विश्वास, दोन्ही अवलंबून होते.

तपासाची दोन टोके

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्षपद मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्याकडे होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयावर त्याने बोट ठेवले. वरवर पाहता हे पटण्याजोगे होते. पद्धत बदलली आणि लगेच अपघात झाला, मग दोष बदललेल्या पद्धतीचाच असणार, असे मन सहज मानते. पण एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही. तपास तेथे थांबला, तर तो सोयीचा ठरतो. खरा ठरतोच असे नाही.

बाटलीच्या दुसऱ्या टोकाला काय घडले होते, याचा उल्लेख चौकशीच्या कागदपत्रांतच होता. त्या दिवशी मलकोवालला बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरायचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो उचलून कार्बोलिकच्या सौम्य द्रावणात केवळ हलवून घेण्यात आला आणि त्यानेच बूच काढण्यात आले. अशा हलक्या विसळण्याने धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी उपकरण ज्योतीवर धरून तापवावे लागते.

याहून बोलका पुरावा दोन साध्या गोष्टींत होता. पहिली गोष्ट वासाची. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत वाढले, तर उघडताना दुर्गंधी येते. मलकोवालला ज्यांनी बाटली उघडली, त्यांना तसा कोणताही वास जाणवला नव्हता. दुसरी गोष्ट वेळेची. बाटली परळला भरल्यापासून उघडेपर्यंत कित्येक आठवडे लोटले होते. जंतू आरंभीच शिरले असते, तर त्या उष्ण हवेत ते भरपूर वाढले असते आणि लस विषाने भरून गेली असती. तशी लस टोचल्यावर लक्षणे लवकर आणि उग्रपणे दिसली असती. येथे मात्र आठवडाभर सारे शांत होते. म्हणजे माणसांच्या शरीरात गेले ते तयार विष नव्हते. तेथे जाऊन रुजणारे थोडेसे ताजे बीजाणू होते. ते बाटलीत शिरले, ते ती उघडतानाच.

साथीचा किंवा अपघाताचा उगम शोधणारे आजही याच तीन प्रश्नांपासून आरंभ करतात: कोणाला झाले, कोठे झाले आणि संसर्गापासून लक्षणांपर्यंत किती काळ गेला. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने २२१ जणांना ग्रासले आणि ३४ जण दगावले. अन्न, पाणी, विषारी धातू अशा अनेक शंका घेण्यात आल्या. अखेर जानेवारी १९७७ मध्ये कारण ठरलेला जंतू सापडला आणि वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्याकडे बोट वळले. लिजनेअर आजार म्हणून आज ओळखला जातो, तो हाच. तेथे तपास करणाऱ्यांनी जुन्या, न उलगडलेल्या साथींतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुनेही पुन्हा तपासले आणि हाच जंतू पूर्वीही येऊन गेल्याचे त्यांना दिसले. पहिल्या शंकेवर न थांबण्याचे फळ असे मिळते.

परागंदा शास्त्रज्ञ

हाफकिन यांना ते फळ लवकर मिळाले नाही. १९०४ मध्ये ते संचालकपदावरून दूर झाले आणि लंडनला गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची फेरतपासणी केली. तिचा कौल, दूषितीकरण मलकोवालला झाले असावे, या बाजूचा होता. तरीही सरकारने आपली भूमिका लगेच सोडली नाही. आयोगाचा अहवाल जगासमोर येण्यासही वर्षे लागली. या काळात हाफकिन एकाकी झुंजत होते. तोंड फिरवणाऱ्या सहकाऱ्यांची त्यांना उणीव नव्हती. ज्या माणसाने धर्म बदलून प्राध्यापकपद मिळवणे नाकारले होते, त्याला आता आपली निरपराधिता सिद्ध करण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत होते. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि १९०६ मध्ये तो निर्दोष ठरला होता. हाफकिन यांच्या प्रकरणालाही लोक छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. ज्यू आणि परदेशी असल्यामुळेच त्यांच्यावर खापर फुटले, असे अनेकांना वाटत होते.

कलकत्त्यात पटकीच्या दिवसांत त्यांच्यासोबत राबलेले डॉ. सिम्पसन या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले. मलेरियाच्या संशोधनासाठी १९०२ मध्ये नोबेल मिळवलेले सर रोनाल्ड रॉस यांनी तर हे प्रकरण तडीस नेण्याचा चंगच बांधला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या द टाइम्स या दैनिकात रॉस यांच्यासह दहा मान्यवर शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने खोडला गेला आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे मांडले होते. त्यानंतर पार्लमेंटमध्येही प्रश्न उपस्थित झाले. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

न्याय मिळाला, पण तो अर्धाच. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्यास धाडण्यात आले. तेथे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन लस देण्याचे, त्यांचे आवडते काम त्यांच्या वाट्यास पूर्वीसारखे आले नाही. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत त्यांनी काम केले, शोधनिबंध लिहिले आणि वयाच्या ५५ व्या वर्षी, १९१५ मध्ये ते निवृत्त होऊन हिंदुस्थानातून गेले. वयाची ऐन उमेदीची वर्षे एका चुकीच्या निष्कर्षाने खाऊन टाकली होती.

या काळात परळला आणखी एका उगमाचा शोध पूर्ण झाला, हेही येथे नोंदवायला हवे. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्येच दाखवून दिले होते, की प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो. तेव्हा त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही आणि सरकार माणसांच्या घरांच्या झडत्या घेत राहिले. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनी सिमों यांचे म्हणणे खरे ठरवले. उगम चुकला की उपायही चुकतो आणि त्याची किंमत सामान्य माणूस मोजतो. प्लेगच्या पहिल्या वर्षांत पुण्या-मुंबईच्या लोकांनी ती मोजली होती.

परळची पाटी

निवृत्तीनंतर हाफकिन पॅरिसजवळ राहिले. त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माच्या आचारांकडे अधिकाधिक वळले आणि युरोपातील ज्यू अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी झटले. पुढे स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी वास्तव्य केले आणि १९२९ मध्ये आपली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या विद्यालयांसाठी न्यास स्थापून देऊन टाकली. ऑक्टोबर १९३० मध्ये लोझान येथेच त्यांचे निधन झाले.

१८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूतून त्यांना जावे लागले होते, तिच्याच दारावर त्यांच्या नावाची पाटी लागली आणि ती पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले, एवढे समाधान या कहाणीत आहे. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हाफकिनच्या नावाने पुढे सर्पदंशावरील प्रतिविष आणि पोलिओचे थेंब महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोहोचले.

मलकोवालच्या त्या १९ जणांची स्मृती मात्र कोणत्याही पाटीवर नाही. ते विश्वासाने दंड पुढे करून बसले होते. त्यांच्या मृत्यूचा खरा उगम वेळीच मान्य झाला असता, तर हाफकिन यांचा सन्मान राहिला असताच. शिवाय बाटली निर्दोष बनवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती निर्दोषपणे उघडणेही महत्त्वाचे, हा धडा खेडोपाडच्या लस टोचणाऱ्यांपर्यंत काही वर्षे आधी पोहोचला असता. सोयीचा दोषी सापडला, की खरा दोष तसाच राहतो.

घनसावंगीच्या अंगणवाडीत आरोग्यसेविका कुपीवर वेळ लिहिते, तेव्हा ती केवळ एक नियम पाळत नसते. उद्या काही विपरीत घडलेच, तर दोषाचा माग परळसारख्या कारखान्यापासून या सतरंजीपर्यंत, दोन्ही टोकांनी काढता येईल, याची ती तजवीज करत असते. हाफकिन यांच्या वेळी ही तजवीज अर्धीच होती. बाटलीचा क्रमांक लिहिला गेला होता; ती कशी उघडली गेली, हे सांगणारी साक्षही होती. त्या साक्षीचे वजन ओळखण्यास सरकारला पाच वर्षे लागली.